कुमुदताईंची काच

डॉक्टर कुमुद गोरे यांचा माणसांपेक्षा त्यांच्या डोळ्यांतून खरवडून काढलेल्या पेशींवर जास्त विश्वास होता. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, त्या स्वतःच येता-जाता तसं सांगत. रोगी खोटं बोलतो, त्याचे घरचे त्याच्याहून जास्त बोलतात आणि डॉक्टर तर आपल्या पहिल्या अंदाजाच्या प्रेमात पडून स्वतःलाच फसवतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. पेशीला बोलता येत नाही, म्हणून ती त्यांना प्रिय.

मी भोपाळला आले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. त्याचा कारखाना रायसेन रोडला, म्हणून आम्ही आनंद नगरात राहिलो आणि मला नोकरी मिळाली ती साकेत नगरच्या पुढच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात. पुण्यात शिकले होते, त्यामुळे आपल्याला इतरांपेक्षा चार गोष्टी जास्त कळतात अशी समजूत बरोबर घेऊन आले होते. ती कुमुदताईंनी पहिल्याच आठवड्यात उतरवली.

एक शाळकरी मुलगी आली होती. दोन्ही डोळे लाल, सतत चोळायची, कित्येक महिने थेंब घालूनही फरक नाही. मला सरळसरळ ॲलर्जी वाटली. इथली पद्धत अशी की चिवट लाल डोळा आला की पापणी उलटून आतून हलकेच खरवडायचं, तो नमुना काचपट्टीवर पसरायचा आणि तळमजल्यावर गोरे मॅडमकडे पाठवायचा. मी पाठवला, आणि सोबत माझं निदान सविस्तर लिहिलेली एक चिठ्ठीही जोडली. तासाभरानं खाली गेले तर चिठ्ठी न उघडता रंगाच्या बाटलीखाली ठेवलेली. बाटलीचा निळा गोल डाग तिच्यावर उमटला होता.

मी विचारलं, चिठ्ठी वाचली नाहीत का? सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "पहिले काच पाहू दे. तुझी कहाणी बाद मध्ये ऐकीन."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि दाखवलं. ॲलर्जी असती तर नारिंगी दाण्यांनी भरलेल्या पेशी दिसल्या असत्या. तशी औषधालाही एक नव्हती. उलट पापणीच्या आतल्या पेशींमध्ये, केंद्रकाला चिकटून, टोपी घातल्यासारखा निळ्या ठिपक्यांचा पुंजका बसला होता. जंतू पेशीच्या आत शिरून राहिले होते. औषध वेगळं, तेही मुलीला एकटीला देऊन भागणारं नाही, घरातल्या सगळ्यांना. मुलगी बरी झाली. मी पुढच्या नमुन्यासोबत फक्त नंबर पाठवला.

आंधळेपणानं वाचायचं, हा त्यांचा नेम होता. नाव नाही, वय नाही, कुणाला काय वाटतं ते तर मुळीच नाही. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: काचेवर कोणाची गर्दी आहे ते बघायचं, म्हणजे भांडण कुणाशी चाललंय ते कळतं. केंद्रकाचे तुकडे झालेल्या पेशी फार असल्या तर जिवाणू. गोल, काळ्याभोर केंद्रकाच्या असल्या तर बहुधा विषाणू. आणि ज्या पेशी त्या गर्दीतल्या वाटतच नाहीत, त्या दिसल्या की कुमुदताई खुर्ची मागे सरकवत. खुर्चीचा तो आवाज ऐकला की प्रयोगशाळेतली बाकीची माणसं कामं थांबवत.

त्यांची बोटं कायम निळी असायची. हातमोजे घातले तर काच नीट धरता येत नाही म्हणत आणि उघड्या हातांनीच रंग चढवत. नखांच्या कडेला तो रंग वर्षानुवर्षं मुरलेला. मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला यायच्या त्याही त्याच बोटांनी. एका नवीन बाईंनी विचारलं, हे काय लागलंय? तर शांतपणे म्हणाल्या, "रोज लोकांच्या डोळ्यांत घालते ती बोटं." त्या बाई पुन्हा त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत, आणि कुमुदताईंना त्याचं समाधान झालं असावं.

उज्जैनचं घराणं, भोपाळमध्ये सगळी हयात. मराठी बोलत ती हिंदीच्या आधारानं. मी पुण्याची म्हणून माझ्या 'परंतु' आणि 'कदाचित'ची नक्कल करत. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही आणि आता वाटतं, विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

दर शनिवारी सकाळी रुग्णालयाच्या छोट्या सभागृहात बैठक व्हायची. आठवड्यातल्या अवघड काचा पडद्यावर दाखवायच्या आणि त्यावर बोलायचं. शिकाऊ डॉक्टर या बैठकीला जाताना परीक्षेला जावं तसे जात, कारण तिथं एक प्रश्न हमखास यायचा. "दवाई किसने दी?"

तो प्रश्न समजायला थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. डोळ्यातला दाह कशानंही असो, स्टेरॉइडनं तो झटकन दबतो. रोगी खूश, घरचे खूश, डॉक्टरच्या नावाचा बोलबाला. पण त्याच औषधानं पेशीही विरतात. नमुन्याआधी औषध दिलं की काचेवरचा पुरावा जातो. आणि कधी कधी दाह हा दाह नसतोच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग डोळ्यात शिरून दाहाचं सोंग घेऊन बसतो. त्या पेशी इतक्या नाजूक की थोड्याशा गोळ्यांनी फुटतात. काचेवर नुसता चोथा उरतो, रोग मात्र आत वाढत राहतो आणि तिथून मेंदू काही लांब नाही.

तिवारी नावाचा एक शिकाऊ डॉक्टर होता, सागरचा, हुशार आणि मवाळ. त्यानं एका म्हाताऱ्या बाईची तळमळ पाहून नमुन्याच्या आधीच स्टेरॉइडचे थेंब सुरू केले. शनिवारी ती काच पडद्यावर आली. कुमुदताईंनी प्रश्न विचारला. तिवारी उभा राहिला, म्हणाला, मॅडम, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कुमुदताई म्हणाल्या, ज्याला बघवत नाही त्यानं डोळ्यांचा डॉक्टर का व्हावं? पोरगा चाळिसेक माणसांसमोर रडला. मला ते आवडलं नाही. मी नंतर त्यांना म्हटलंही की हे जरा जास्त झालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढची काच लावली.

पण त्या निष्ठुर नव्हत्या. म्हणजे होत्या, पण सगळ्यांशी सारख्या होत्या, आणि त्यामुळे ते सोसवायचं. जुन्या शहरातले एक चाचा यायचे, जरीकाम करणारे. एक डोळा कित्येक वर्षं लाल. जिथं जावं तिथं त्यांना विचारलं जाई, गैस लगी थी? आणि ते हो म्हणत, कारण लागलाच होता, वायुगळतीच्या त्या रात्री ते तिथंच होते. मग पुढं कुणी काही पाहतच नसे. भोपाळमध्ये एका वयापुढच्या लाल डोळ्याला हे एक उत्तर तयार असतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं, हीच पंचाईत. कुमुदताईंनी उत्तर ऐकलंच नाही. पापणी उलटून स्वतः खरवडलं. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग निघाला.

त्यांनी चाचांना समोर बसवलं, चहा मागवला आणि एका दमात सांगितलं, "चाचा, आँख जाएगी. आप रह जाओगे."

चाचांनी चहा संपवला. म्हणाले, गॅसनं जी सोडली होती ती तुम्ही घेताय. कुमुदताईंनी हे आम्हाला दुपारच्या डब्याच्या वेळी सांगितलं आणि म्हणाल्या, "बरोबर बोलला तो." डबा तसाच बंद करून त्या उठून गेल्या. चाचा पुढं दरवर्षी तपासणीला यायचे तेव्हा वरच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी त्यांच्या दारात दहा मिनिटं बसत. दोघंही फारसं बोलत नसत.

अशी ही बाई घरी गेली की धाकटी बहीण व्हायची. बिट्टन मार्केटजवळच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांची थोरली बहीण शालिनी राहायच्या. बहिणीला त्या जीजी म्हणत. जीजी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, काटक आणि सरळ. घर त्यांच्या शिस्तीवर चाले. निळ्या हातांनी कणकेला शिवायचं नाही, बोलताना हातवारे करायचे नाहीत, आठवड्याच्या बाजारात भाजी जीजींनीच निवडायची आणि कुमेनं नुसती पिशवी धरून मागं उभं राहायचं. जीजी वांगं उन्हात धरून फिरवत आणि इतक्या बारकाईनं पाहत की भाजीवाला हात टेकायचा. मी एकदा कुमुदताईंना म्हटलं, तुमची नजर आली कुठून ते कळलं. त्या लाजल्या. त्यांना लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

जीजींच्या डोळ्यांपुढे धूर येऊ लागला तो एका हिवाळ्यात. आधी एका डोळ्यापुढे, मग दुसऱ्या. आमच्याकडे डोळ्याच्या आतल्या भागाचे तज्ज्ञ होते डॉक्टर सक्सेना. त्यांनी तपासलं, आत दाह आहे म्हणाले, कारण सापडलं नाही, त्या वयात बऱ्याचदा सापडत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. धूर गेला. जीजी पुन्हा वांगी उन्हात धरू लागल्या. गोळ्या कमी केल्या तसा धूर परत आला. वाढवल्या, गेला. पुन्हा कमी केल्या, पुन्हा आला.

तिसऱ्या खेपेला कुमुदताई सक्सेनांच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. मी तिथंच बसले होते. त्या म्हणाल्या, गोळ्या बंद करा, काही आठवडे जाऊ द्या, मग डोळ्याच्या आतला नमुना काढा. सक्सेनांना अर्थ कळला, मलाही कळला. त्यांनी हळूच विचारलं, आपको क्या लगता है, मैडम? कुमुदताई म्हणाल्या, मला काही वाटत नाही, मी काच बघेन. एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या, जायचं विसरल्यासारख्या.

मी त्यांना बाहेर गाठून म्हटलं की जीजींना शंका सांगून टाका. का थांबायचं ते कळलं तर त्या थांबतील. कुमुदताई माझ्यावर चिडल्या. काच पाहिल्याशिवाय काय सांगू, म्हणाल्या. नेम तो नेम. जन्मभर ज्या नेमावर त्यांनी इतक्या लोकांचे डोळे वाचवले, त्याच्याच मागं त्या लपताहेत हे मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. जीजींना त्यांनी सांगितलं की दवेला जरा आराम द्यायचा आहे. जीजींनी मान्य केलं. बहिणीवर त्यांचा भरवसा होता.

गोळ्या थांबल्या आणि धूर दाट होत गेला. मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. जीजी खुर्चीत बसल्या होत्या, डाव्या हाताला पट्टी. चहा गाळताना पातेल्याचा अंदाज चुकला होता. कुमुदताई ओट्याशी भेंडी चिरत होत्या, जीजींच्या कामाला लागलेल्या, आणि भेंडी सगळी लहानमोठी चिरली जात होती. जीजींनी माझी चौकशी केली, नवऱ्याची केली, आणि मग ओट्याच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "कुमे, तू डोळ्यांची डॉक्टर ना ग? दवा घरात आहे. खाल्ली की मला दिसतं. मग देत का नाहीस?"

"थोडे दिवस, जीजी."

"मला पायरी दिसत नाही. तुझं तोंड दिसत नाही. मी तुझं काय केलं ग?"

कुमुदताई चिरत राहिल्या. ज्या बाईनं कधी कुणापुढे पदर पसरला नाही, ती धाकट्या बहिणीकडे गोळी मागत होती, आणि ती बहीण पाठ फिरवून उभी होती. मला तिथं बसवेना. मी काहीतरी निमित्त सांगून निघाले. जिन्यात मला कुमुदताईंचा राग आला. इतकी सत्याची चाड, मग ते एक वाक्य का बोलवत नाही?

ठरल्या दिवशी सक्सेनांनी नमुना काढला. डोळ्याच्या आत जेलीसारखा द्रव असतो, त्यातला थोडा. अशा नमुन्यातल्या पेशी फार टिकत नाहीत, म्हणून तो हातोहात खाली न्यावा लागतो. कुमुदताई शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ओंजळ करून उभ्या होत्या. नळी घेतली आणि त्या वयात जिन्यावरून जवळजवळ धावत गेल्या. मी थोड्या वेळानं खाली गेले तर प्रयोगशाळेला आतून कडी. इतक्या वर्षांत ते दार मी बंद पाहिलं नव्हतं. ठोठावलं नाही. संध्याकाळी सक्सेनांना त्यांनी इतकंच कळवलं की शनिवारी दाखवते.

शनिवारी सभागृह नेहमीसारखं भरलं. कुमुदताईंनी पहिलीच काच लावली ती ही. नंबर सांगितला, नाव नाही. पडद्यावर फिका गुलाबी चिखल दिसत होता, त्यात निळे भुगे, फुटक्या कडा. एकही अख्खी पेशी नाही. सक्सेनांचा चेहरा उतरला. कुमुदताईंनी तिवारीला उभं केलं. एव्हाना तो बराच तयार झाला होता.

"तिवारी, क्या दिख रहा है?"

"मैडम, सब टूटा हुआ है."

"क्यों?"

तिवारी पडद्याजवळ गेला. मग म्हणाला, "स्टेरॉइड, मैडम."

"दवाई किसने दी?"

सक्सेना उठून म्हणाले की ह्या रोग्याच्या गोळ्या मी स्वतः बंद केल्या होत्या, त्याला बरेच आठवडे झाले. कुमुदताईंनी हातानं त्यांना बसायला सांगितलं.

"मैंने दी. घर में, अपने हाथ से. सक्सेना साहब को बताया नहीं." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "अब रुकना पड़ेगा, फिर से नमूना लेना पड़ेगा. पेशेंट के ये जो हफ़्ते जाएँगे, वो मैंने लिए हैं."

तिवारीला तोवर कळलं होतं की काच कुणाची. तो पुढं झाला, बहुधा त्यांना खुर्ची द्यायला. कुमुदताईंनी त्याच्याकडे पाहिलं, काच काढली, दुसरी लावली आणि त्या काचेवर नेहमीप्रमाणे बोलल्या. नंतर तिसरीवर. बैठक वेळेवर संपली. आम्ही कुणी एकमेकांकडे न बघता बाहेर पडलो.

मला त्यांनी पुढं कधीतरी सांगितलं, आपणहून. जीजी मागत होत्या तोवर त्या खंबीर राहिल्या. मग जीजींनी मागणं सोडलं. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायच्या, जेवायला बोलावलं की यायच्या, काही म्हणजे काही बोलायच्या नाहीत. तेव्हा कुमुदताईंनी वरणाबरोबर एक गोळी पुढं केली. जीजींनी विचारलं नाही कसली, यांनी सांगितलं नाही. मग रोज एक. "मला वाटलं, थोडीनं काय होईल," त्या म्हणाल्या. "सगळे डॉक्टर मला हेच सांगायचे, मीनल. शब्दशः हेच."

मी विचारलं, मग तरी नमुना का काढू दिलात, सांगायचं होतं ना आधी. त्या म्हणाल्या, वाटलं, काही पेशी वाचल्या असतील. काचेपुढे कुणाला काय 'वाटतं' याची जिनं जन्मभर टर उडवली, तिच्या तोंडून हे ऐकताना माझा जीव तुटला. जिन्यातला तो राग तरीही पुरता गेला नाही. आजही गेलेला नाही.

दुसरा नमुना दुसऱ्या डोळ्यातून काढला. या वेळी गोळ्यांची पाकिटं त्यांनी आधीच सक्सेनांच्या खोलीत आणून ठेवली होती. काच रंगवून झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. डोळा लावला, लगेच उठल्या आणि म्हणाल्या, पाहा. खुर्चीचा आवाज झाला नाही, कारण त्या बसल्याच नव्हत्या. मोठाल्या पेशी, केंद्रकं वेडीवाकडी, गडद, एकाला लागून एक. मला सुद्धा शंका उरली नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी जीजींना सगळं सांगितलं. मला बरोबर नेलं होतं, बहुधा मध्येच पळून जाऊ नये म्हणून. रोग काय, शंका कधीपासून होती, थांबायचं का होतं, वरणाबरोबरची गोळी कसली होती आणि त्या गोळीनं काय केलं. जीजींनी शेवटपर्यंत ऐकलं. गणिताच्या बाईंना पायरी गाळलेली चालत नसे. त्यांनी एकच विचारलं.

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी मागितली असती का ग?"

जीजींनी चाचपडत कुमुदताईंचा हात शोधला आणि धरून ठेवला. माफ केलं की नाही ते मला सांगता येणार नाही. तसं काही त्या बोलल्या नाहीत.

मेंदूच्या तपासणीत तिथंही रोग पोचलेला निघाला. दोघी मुंबईला गेल्या, बरेच महिने उपचार घेतले, थोडं बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. जीजी भोपाळला परत आल्या त्या अंथरुणावरच. शेवटी शेवटी त्या कुमुदताईंना आपल्या शाळेतली कुणी मुलगी समजत आणि पाढे म्हणायला सांगत. कुमुदताई म्हणत. जीजी गेल्या तेव्हा त्यांच्या हातात तीच निळी बोटं होती.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते की त्या काही आठवड्यांनी फारसा फरक पडला नसता. मलाही तसंच वाटतं, आणि मी ते कुमुदताईंना बजावून सांगितलं. त्यांनी मला विचारलं की ते आठवडे कुणी काचेवर पाहिलेत का. न पाहिलेल्याचं मत कसं देता तुम्ही लोक, म्हणाल्या.

त्यांनी नोकरी सोडली. काचा आता तिवारी वाचतो. चांगल्या वाचतो, न ओरडता. पण कुमुदताईंचं रुग्णालयात येणं थांबलं नाही. सकाळी यायच्या आणि सक्सेनांच्या खोलीबाहेर नातेवाइकांच्या बाकावर बसायच्या. आधी सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. आत या म्हणून आग्रह झाला, चहा झाला. मग लोकांनी नाद सोडला. नवीन नर्सांना तर त्या कुणातरी रोग्याची बहीणच वाटायच्या.

माझ्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी त्या बाकापाशी गेले. त्यांच्या शेजारी विदिशाकडची एक बाई बसली होती, तिशी-पस्तिशीची. बरोबर तिचे वडील, दोन्ही डोळ्यांत तसाच धूर. सक्सेनांनी त्यांच्या गोळ्या नुकत्याच बंद केल्या होत्या आणि नमुन्यासाठी थांबायला सांगितलं होतं. कारण समजावलं होतं, कर्करोग हा शब्दही उच्चारला होता. हल्ली आमच्याकडे तो उच्चारतातच. बाई रडून मोकळी झाली होती आणि वडिलांच्या तोंडावरचा घाम पुसत होती. म्हातारा सारखा विचारत होता, अंधेरा क्यों कर दिया बेटा?

कुमुदताईंनी आपला हात तिच्यापुढे केला. निळा रंग नखांच्या कडेला अजून थोडा होता. म्हणाल्या, "गोलियाँ बची होंगी तुम्हारे पास. मुझे दे दो. नमूना होने तक मैं रखूँगी. घर में मत रखो."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. नाही उरल्या, म्हणाली, आणि पर्स उचलून दुसऱ्या बाजूला, वडिलांच्या आणि आपल्यामध्ये, घट्ट दाबून ठेवली. कुमुदताईंचा हात तसाच राहिला. मला वाटलं त्या आता रागावतील, सक्सेनांना बोलावतील, निदान पुन्हा समजावतील. त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं की मी बोलू का तिच्याशी.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नाही देणार ती. मी पण नसती दिली."